हरिकेनचं शेपूट

आमच्या अमरावतीच्या कचेरीत दोन माणसं आपल्या पूर्वायुष्याबद्दल बोलत. एक हेडक्लार्क नानासाहेब देशमुख. त्यांनी तरुणपणी चिखलदऱ्याला वाघ मारला होता. तो वाघ दरवर्षी दोन-चार इंच वाढत असे. मी नोकरीला लागलो तोवर तो एवढा झाला होता की घाटातल्या वळणावर त्याला वळता आलं नसतं. पण त्या वाघावर कोणी शंका घेतल्याचं मला आठवत नाही. उलट नवीन माणूस रुजू झाला की जुने कारकूनच म्हणत, "नानासाहेब, याले वाघाचं सांगा ना एकदा."

दुसरे महादेवराव तायडे. नकाशा शाखेत ट्रेसर, म्हणजे नकाशांच्या नकला उतरवून काढणारे. त्यांचं एकच वाक्य होतं, "लढाईच्या टायमाले दोन वर्सं मी एरोड्रोमवर हरिकेनच्या शेपटाचं कापड शिवलं." हरिकेन म्हणजे महायुद्धातलं लढाऊ विमान. त्याचा पुढचा भाग पत्र्याचा आणि शेपटाकडचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा. कापड फाटलं की ते हातानं शिवावं लागे. तेवढंच काम आपण केलं, असं तायडे सांगत. विमान उडवलं म्हणत नसत, विमानात बसलो म्हणत नसत, गोऱ्या साहेबानं पाठ थोपटली असंही म्हणत नसत.

आणि यावर अख्खी कचेरी पोट धरून हसायची.

मला तेव्हाही वाटे की या माणसानं "मी दोन जपानी विमानं पाडली" असं ठोकून दिलं असतं, तर लोकांनी त्यांना खुर्ची दिली असती. पण नुसतं शेपूट म्हटल्यावर लोकांना संशय आला. दुसरंही एक कारण होतं, ते कोणी मोठ्यानं बोलत नसे. एकदा नानासाहेबच हसत हसत बोलून गेले, "काहो तायडे, तुम्हाले इमानाले हात लावू दिला?" छप्पन साली तायड्यांनी सहकुटुंब नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. तायड्यांनी पेन्सिलीचं टोक करता करता मान वर न करता उत्तर दिलं, "त्या हवाई जहाजानं मले जात नाई पुसली, नानासाहेब." त्यानंतर आठ दिवस नानासाहेब वाघाचं बोलले नाहीत.

मी त्यांना भाऊ म्हणत असे. मी ज्युनिअर कारकून, तोही अस्थायी. 'कायम' होण्यासाठी माझा कागद कुठल्या तरी टेबलावर झोपलेला होता. भाऊ माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. अंगानं काडी, कानावर पेन्सिल, आणि नकाशावर जबर श्रद्धा. कोणी काही सुचवलं की ते आधी विचारत, "नकाशात हाय काय?" कचेरीत हे ठीक होतं. पण घरीही त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांचा नकाशा काढून भिंतीवर लावला होता आणि त्यात प्रत्येक खुंटी दाखवली होती. वहिनींनी मिरच्यांची माळ टांगायला एक खिळा मागितला, तेव्हा भाऊंनी आधी नकाशा दुरुस्त केला, खाली तारीख घातली, आणि मग हातोडी घेतली. वहिनी मला म्हणाल्या, "याईले लग्नाचाही नकाशा दिला असता तं बरं झालं असतं, बाप्पा. संसार तरी वेळेवर सुरू झाला असता."

साठ-एकसष्ट साली भाऊंना रद्दीच्या दुकानात एक विलायती मासिक सापडलं. त्याच्या पोटात घडी घातलेला एक मोठा कागद होता. हरिकेनच्या मॉडेलचा पूर्ण मापाचा नकाशा, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचार फूट. इंजिन लावायचं, आत रेडिओ बसवायचा आणि जमिनीवर उभं राहून बिनतारी बटनानं वळवायचं. मासिकातल्या फोटोत एक गोरा म्हातारा चड्डी घालून ते हातात धरून उभा होता. भाऊंनी दुकानदाराला पैसे दिले आणि सायकलवर न बसता, सायकल हातात धरून घरी आले. कागदाला घडी पडू नये म्हणून.

नकाशात बाल्सा नावाचं लाकूड सांगितलं होतं. ते अमरावतीत कोणी ऐकलेलं नव्हतं. एका वखारवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की बाल्सा म्हणजे सागवानच, फक्त इंग्रजीतलं. भाऊ महिनाभर नाराज होते, कारण नकाशात नसलेलं लाकूड वापरणं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्यांनी पांगारा आणला. पांगारा हलका असतो, आमच्याकडे कुंपणाला लावतात. पण आधी ट्रेसिंगवर 'बाल्सा' खोडून 'पांगारा' लिहिलं, आणि मगच करवत चालवली. इंजिन कलकत्त्याहून व्हीपीनं आलं, लिंबाएवढं. त्याला ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण लागे. त्यामुळे भाऊंच्या घराला अर्धा वास दवाखान्याचा आणि अर्धा जुलाबाचा येई. शेजारच्या बायका वहिनींना गाठून, घरात कोणाचं पोट बिघडलं म्हणून विचारीत.

मी रविवारी जात असे. मदत म्हणजे दोरा ओवून देणं आणि चहा पिणं. एका रविवारी शेपटावर मलमल चढवायची होती. भाऊंनी सुई घेतली आणि माझ्याशी कचेरीतल्या बदल्यांबद्दल बोलत बोलत शिवायला लागले. एक टाका, एक गाठ, बोटभर अंतर, पुन्हा टाका, पुन्हा गाठ. डोळे माझ्याकडे. मी पट्टी लावून अंतर मोजलं. सगळ्या गाठी सारख्या अंतरावर होत्या.

"भाऊ, मॉडेलला हे एवढं कशाला? खळीनं चिकटलं असतं."

"नकाशात चिकटवाचं म्हणते," ते म्हणाले आणि जरा ओशाळले. "पण शेपूट हाय ना. हात आयकत नाई."

नकाशाच्या बाहेर गेलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या वाक्यावर कधी शंका आली नाही. कचेरीत मात्र मी हसणाऱ्यांबरोबर हसतच राहिलो. अस्थायी माणसाला हेडक्लार्कच्या विनोदावर न हसणं परवडत नाही.

बिनतारी यंत्राला परवाना लागतो. भाऊंनी रीतसर अर्ज मागवला. त्यात रकाना होता, 'संदेश कोठून कोठे पाठविणार?' भाऊंनी लिहिलं, 'जमिनीवरून शेपटापर्यंत.' पुढचा रकाना, 'संदेशाचे स्वरूप?' भाऊंनी लिहिलं, 'डावे व उजवे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण ते साल नेमकं चीनच्या लढाईचं निघालं, आणि डाव्या-उजव्याच्या संदेशाची वर कोणाला तरी काळजी वाटली. एके दिवशी पोलीस जमादार दारात उभा राहिला.

"या पेटीतून चीनले काय कळोता जी?"

भाऊंनी त्याला पाटावर बसवलं, विमान पुढ्यात ठेवलं आणि वायरच्या टोकाचं बटन त्याच्या हातात दिलं. बटन दाबलं की शेपटाचं सुकाणू डावीकडे. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की उजवीकडे. सोडलं की सरळ. एवढाच सगळा कारभार.

"आन दाबूनच धरलं तं?"

"तं जहाज एकाच अंगाले वळत राह्यते, आन वळता वळता खाली येते. म्हून टिचकीसारखं दाबाचं आन सोडाचं."

जमादार अर्धा तास दाबत आणि सोडत बसला. चहा प्याला. मग त्यानं अहवाल लिहिला, 'शेपूट हलते. आक्षेपार्ह काही नाही.' तो कागद भाऊंनी जपून ठेवला होता. त्यांच्याबद्दल सरकारनं लिहिलेला तो एकच चांगला शेरा असावा.

वडाळीकडच्या माळावर विमान तीनदा उडालं. तीनही वेळा पाहायला मी, वहिनी आणि एक गुराखी. सोमवारी मी कचेरीत सांगितलं, तर नानासाहेब म्हणाले, "तुमालेबी लागली काय आता सवय?" मी लगेच हसलो.

मग विभागाच्या मोठ्या साहेबांचा अकोल्याचा दौरा ठरला. साहेब पुण्याकडचे. त्यांना नवीन काहीतरी दाखवायचं म्हणून नानासाहेबांना अचानक भाऊंच्या विमानाची आठवण झाली. ज्या विमानावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, ते 'आपल्या खात्याचा उपक्रम' म्हणून त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकलं. आदल्या दिवशी मी आणि भाऊ विमान घेऊन निघालो. पंख वेगळे, धड वेगळं, सगळं वहिनींच्या लुगड्यांत गुंडाळलेलं.

बडनेऱ्याला पार्सलबाबूनं अडवलं. "काय हाय हे?"

"हवाई जहाज," भाऊ म्हणाले.

बाबूनं दराचं पुस्तक उघडलं. कोंबड्या होत्या, सायकली होत्या, प्रेतही होतं. विमान नव्हतं. बाबू भला माणूस. म्हणाला, "मी सतार लिहितो. लांबी तेवढीच हाय. चालते."

"सतार नाई ते."

"अजी, मले दिसते ते. कागदावर सतार होऊ द्या ना!"

"कागदावर सतार अन् हातात जहाज, हे कसं जमन?"

या वादात आमची पॅसेंजर निघून गेली. पुढच्या गाडीला दुसरा बाबू होता, त्यानं काहीच विचारलं नाही. मी चिडलो होतो. गाडीत धड मांडीवर घेऊन बसलेले भाऊ म्हणाले, "गजानन, पंधरा वर्सांपासून लोकं मले लबाड समजून राहिले. मी सतार म्हटलं असतं तं त्याईचंच खरं झालं असतं. उद्या दोनशे लोकं डोळ्यानं पाहतीन. मंग म्हणतीन, तायडे खरंच जहाजावर होता. मले दुसरं काई नाई पाह्यजे." एवढं लांब ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

अकोल्याच्या त्या मैदानावर मांडव होता, लाउडस्पीकर होता, फोटोग्राफर होता. साहेब दोन तास उशिरा आले, म्हणजे तसे वेळेवरच. भाषणं झाली. नानासाहेबांनी विमानाच्या नाकावर झेंडूचा हार घातला. भाऊंनी तो काढून ठेवला. मग कोणी नारळ आणला आणि भाऊंना पुढे केलं.

"नकाशात नारळ नाई," भाऊ म्हणाले.

लोक हसले, पण नारळ परत गेला. अडचण पुढेच आली. मुख्य पाहुण्यांच्या हस्ते काय? काहीतरी हस्ते झाल्याशिवाय आमच्याकडे पाटाचं पाणीसुद्धा सुटत नाही. फीत कापायची तर विमान आणि कात्री यांचा मेळ बसेना. तेव्हा नानासाहेबांना सुचलं, "बटन! साहेब बटन दाबतीन."

भाऊंचा चेहरा उतरला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मला बाजूला घेतलं. विमान त्यांना स्वतःच्या हातानं वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं होतं, त्यासाठी पन्नास पावलं लांब जावं लागणार होतं. "तू सायबाच्या मागं उभा राह्यजो. जहाज वर गेलं का सायबाले एक डाव दाबू देजो. एकच डाव. लगेच बटन हातातून घेजो, अन् मी पळत येतो. समजलं?"

"समजलं, भाऊ."

इंजिन सुरू झालं. भाऊ चार पावलं धावले आणि त्यांनी विमान हातातून सोडलं. ते जरासं खाली गेलं, मग सावरलं आणि चढत गेलं. कपाशीच्या रानावर पोचलं तेव्हा त्याचे पंख उन्हात दिसले. दोनशे माणसांनी एकदम माना वर केल्या. एका चपराशानं तर टोपी काढली. मी भाऊंकडे पाहिलं. ते विमानाकडे पाहत नव्हते, लोकांकडे पाहत होते. त्या माणसाला इतकं सुखी मी ना आधी पाहिलं, ना नंतर.

नानासाहेबांनी खूण केली. साहेबांनी बटन दाबलं. टाळ्या पडल्या. विमान डावीकडे वळलं.

फोटोग्राफर काळ्या कापडातून ओरडला, "सायब, तसंच! अंगठा हालवू नका!"

आणि साहेबांनी अंगठा हलवला नाही. त्यांनी आजवर अनेक उद्घाटनं केली होती. फोटो निघेपर्यंत हात काढायचा नसतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. विमान वळत राहिलं. एक फेरा, दुसरा फेरा, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा लहान आणि खालचा. लांबून भाऊ धावत येत ओरडत होते, "सोडा! बटन सोडा!" साहेबांना वाटलं, हा माणूस उत्साहात ओरडतोय. ते कॅमेऱ्याकडे पाहून हसले.

मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर होतो. माझा हात पुढे गेला. तिथे एवढ्या मोठ्या साहेबाचं मनगट होतं, त्यावर सोन्याचं घड्याळ होतं, आणि माझ्या कायम होण्याच्या कागदावर त्याच हाताची सही होणार होती. माझा हात परत आला.

विमान नाकावर आदळलं. पांगाऱ्याचं लाकूड मोडतं तेव्हा फारसा आवाज होत नाही.

साहेबांनी बटनाकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे. "हा मुलगा इथं कशाला उभा केला होता? याच्याकडे काय काम होतं?" नानासाहेब तत्परतेनं म्हणाले, "अस्थायी आहे, साहेब," जणू तोच गुन्हा होता.

तेवढ्यात भाऊ आले. छाती वरखाली होत होती, हातात तुटलेलं शेपूट होतं, त्यावरची शिवण धड होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "सायेब, याचा काई संबंध नाई. माही चूक हाय. आतली वायर मी उलटी जोडली."

"मला वाटलंच," साहेब म्हणाले.

"मीही पहिलेच म्हटलं होतं," नानासाहेब म्हणाले. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

चार मिनिटांत ती गोष्ट मांडवभर झाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी अमरावतीला पोचली. तायड्यानं वायर उलटी जोडली. एकानंही विचारलं नाही की मग ते वर गेलंच कसं. पंधरा वर्षं एक खरं वाक्य सांगून जे झालं नाही, ते एका खोट्यानं झालं. अख्ख्या कचेरीनं त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला. नानासाहेब तर येईल त्याला सांगू लागले, "अन् म्हणे एरोड्रोमवर होते!" भाऊंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची ताकीद लिहिली गेली. मी तीन महिन्यांनी कायम झालो. त्यानंतर ते हरिकेनचं वाक्य भाऊंच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

मी त्यांच्याकडे जाणं हळूहळू कमी केलं. त्यांनी कधी विचारलं नाही. मला पाहिलं की नेहमीसारखे "चाय घेतं काय?" म्हणत, आणि तेच मला सहन होत नसे.

अडुसष्टच्या सुमारास ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत नानासाहेबांनी उलट्या वायरीचा किस्सा रंगवून सांगितला. लोक खळखळून हसले. भाऊही हसले. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि तेव्हाही उठलो नाही. मग त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे त्यांचं गाव, तिकडे ते कायमचे चालले होते. वहिनी आधीच गावी गेल्या होत्या. सामान म्हणजे एक ट्रंक आणि नकाशांची एक नळी.

भाऊ खिडकीशी बसले. मी खाली उभा राहून म्हणालो, "भाऊ, मोठे साहेब रिटायर झाले. आता मला कोणाची भीती नाही. उद्या कचेरीत सगळ्यांसमोर सांगतो, काय झालं होतं ते. तुमची वायर बरोबर होती. हात माझा मागे आला."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"नको सांगू, गजानन," ते म्हणाले. "सबन नोकरीत लोकायनं माह्यावर एकच डाव भरोसा ठेवला. तेवढा तं राहू दे."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. कंडक्टरनं घंटी मारली. त्यांनी खिडकीतून हात काढून मला, जा आता, अशी खूण केली. एस.टी. धूळ उडवत नांदगावच्या रस्त्याला लागली. मी कचेरीकडे चालायला लागलो, आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.